रेड्याला उपास, पोरीला जेवण

मी आयुष्यात एकदाच उपाशी राहिले, आणि त्यात आमचा रेडा जाड झाला.

हे मी कोणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग म्हणतो, तुमचं आपलं काहीतरीच. पण वसईजवळ गिरीजच्या आमच्या वाडीत हे घडलेलं आहे, आणि माझ्या वयाची जी दोनचार माणसं तिथे अजून शिल्लक आहेत ती साक्ष द्यायला येतील. (रेडा येऊ शकत नाही. तो केव्हाच गेला, आणि जाईपर्यंत माझ्याविषयी त्याचं मत काही चांगलं झालं नाही.)

देश स्वतंत्र होऊन चारपाच वर्षं झाली होती आणि मी चौदा वर्षांची होते. आमची वाडी केळीची. बांधावर नारळ, मधे भाजीचे वाफे, कोपऱ्यात विहीर आणि विहिरीवर रहाट. रहाट ओढायला सरदार. सरदार हे त्या रेड्याचं नाव. डोळ्यांना झापडं बांधून तो विहिरीभोवती गोल गोल फिरायचा, रहाटाची मडकी पाणी वर आणायची आणि पाटातून ते केळींना जायचं. शाळेतून आल्यावर सरदारवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं. काम म्हणजे काय, सावलीत बसायचं आणि तो थांबला की एक हाक मारायची.

मी अंगाने भरलेली होते. हे मी तेव्हाही असंच सरळ सांगत असे, कारण त्यात लाजण्यासारखं काही असतं हे मला कोणी कळवलंच नव्हतं. आमच्याकडे पोर गुटगुटीत दिसली की शेजारीण आईला विचारायची, काय घालतेस गं हिला? आणि आई मान ताठ करून सांगायची. तांदळाची भाकरी, ताजी मासळी, म्हशीचं दूध, घरची सुकेळी. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात ती. चिकट, तांबूस आणि इतकी गोड की एक खाल्लं की दुसऱ्यासाठी हात आपोआप जातो. हे सगळं खाऊन मी केळ्यांचा अख्खा लोंगर डोक्यावर घेऊन बांधापर्यंत पळत जायचे, आणि उरलेल्या वेळात नाचायचे. गौरीचा फेर असो, कोणाच्या लग्नाची वरात असो, शाळेचं अंगण असो, पाय आपोआप उचलले जायचे. नाचताना माझं पोट कधी माझ्या आड आलं नाही. ते माझ्याबरोबर नाचायचं.

त्या वर्षी शाळेच्या संमेलनात राधाकृष्णाची नृत्यनाटिका करायचं ठरलं आणि ती बसवायला मुंबईहून एक मास्तर आले. दर शनिवारी दुपारच्या गाडीने येत आणि स्टेशनावरून टांग्याने शाळेत. उंच, फिकट, खांद्यावर शाल. इतके बारीक की टांग्यातून उतरले तरी टांगा हलायचा नाही. पण पाय वाजवायला लागले की आम्ही पोरी श्वास रोखून बघत बसायचो. त्यांच्याविषयी आज काहीही म्हटलं तरी माणूस कलावंत होता, हे मी कबूल करते.

पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकीला नाचून दाखवायला लावलं. माझी पाळी झाल्यावर ते म्हणाले, राधा ही करणार. मी आनंदाने अर्धी उडी मारली असेल नसेल, तेवढ्यात त्यांनी खिशातून एक सुतळी काढली. सुतळीला दोन गाठी होत्या. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत जिची कमर बसेल ती पुढच्या ओळीत नाचणार, असा त्यांचा नियम होता. नर्तकी ही वाऱ्याची झुळूक असते, असं ते म्हणाले. आणि झुळकीला पोट नसतं.

माझ्या कमरेला ती सुतळी चार बोटं कमी पडली.

मास्तरांनी चार बोटं सगळ्यांना उंच करून दाखवली. पोरी हसल्या. त्या काही दुष्ट नव्हत्या, त्यांच्या जागी मीही हसले असते. पण मास्तर शांतपणे म्हणाले, संमेलनाला दीड महिना आहे, राधा तुझी, पण सुतळीत बसलीस तर. नाहीतर मागच्या ओळीत यमुनेच्या लाटा आहेत, तिथे रुंदी चालते.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी पहिल्यांदा स्वतःला बघायला म्हणून विहिरीत डोकावले. सरदार फिरत होता, त्यामुळे पाणी हलत होतं, आणि हलत्या पाण्यात मी होते त्याच्या दुप्पट पसरलेली दिसले. (आरशात बघायला हवं होतं. पण आमच्या घरात आरसा एकच होता, बाबांच्या दाढीचा. त्यात एका वेळी एकच गाल मावायचा.)

मास्तरांनी आहार सांगितला होता. सकाळी लिंबूपाणी, दुपारी एक पोळी, रात्री काही नाही. मी ठरवलं की हे पाळायचं. अडचण एकच होती, आई. आमच्या घरात न जेवता उठणं हा आजारपणाखालोखाल मोठा गुन्हा होता. म्हणून मी आईला सांगितलं की आजपासून मी ताट घेऊन विहिरीवर जेवेन, रहाटावर लक्षही राहील. आईला ते पटलं. बाबा तर म्हणाले, पोरगी जबाबदार झाली.

पहिल्या दिवशी मी ताट मांडीवर घेऊन बसले. भाकरीचा वास नाकात शिरत होता. सरदार फेरा घेऊन समोर आला, आणि मी डोळे मिटून अर्धी भाकरी त्याच्या तोंडात दिली. पुढच्या फेऱ्याला उरलेली अर्धी. त्याच्या पुढच्या फेऱ्याला भात. कालवण मांजरीला. ताट लख्ख झालं. आई खूष, सरदार खूष, मांजर तर अंगात आल्यासारखी वागायला लागली. एकटी मी तेवढी लिंबूपाणी पिऊन झुळूक व्हायची वाट बघत बसले.

माझी मैत्रीण फिलोमिना शेजारच्या आळीत राहायची. आम्ही तिला फिलू म्हणायचो. नाटिकेत ती कृष्ण होती. सुतळी तिच्या कमरेला गुंडाळून वर दोन बोटं उरली होती, आणि मास्तर तिला आदर्श म्हणून सगळ्यांसमोर उभं करत. आता फिलूचं खाणं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. रविवारी चर्चमधून मिस्सा आटपून आली की सहा पाव बसल्या जागी खायची आणि वर विचारायची, जेवायला काय आहे? तिचे वडील तसेच काटकुळे, आजोबा तसेच. ते घराणंच तसं होतं. उलट तिला घरी सगळे काठी म्हणून चिडवायचे आणि ती बिचारी अंगाला मांस लागावं म्हणून खोबरेल तेल चोळून घ्यायची. मला सुतळी कमी पडते म्हणून मी रडत होते आणि तिला जास्त होते म्हणून ती. हे तेव्हाच दोघींनी एकत्र बसून नीट बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण चौदाव्या वर्षी माणूस शहाणा असता तर आठवणी सांगायला शिल्लक काय राहिलं असतं?

दोन आठवड्यांत मी उतरायला लागले. आईच्या ते लगेच ध्यानात आलं. ताट तर रोज लख्ख होतंय आणि पोर वाळतेय, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही, असा तिने हिशोब केला आणि ताटात दुप्पट वाढायला लागली. दोनाच्या चार भाकऱ्या झाल्या. वर सुकेळी आली, गूळखोबरं आलं, दुधाचा तांब्या आला. ते सगळं सरदारकडे गेलं. मी जितकी वाळत गेले तितकं आई जास्त वाढत गेली आणि जितकं ती वाढत गेली तितका सरदार चमकत गेला. त्याच्या कातडीवर असं तेज आलं की रस्त्याने जाणारी माणसं कुंपणाशी थांबून बाबांना विचारायची, कुठून आणला हा रेडा?

मग आईला वाटलं की पोटात जंत झाले. तिने मला एरंडेल दिलं. उपाशी पोटावर एरंडेल काय करतं ते मी इथे लिहिणार नाही. इतकंच सांगते की त्या दिवशी सुतळीतलं एक बोट एकदम कमी झालं आणि शनिवारी मास्तरांनी माझं सगळ्यांसमोर कौतुक केलं. एरंडेलाने काम झालं नाही तेव्हा आईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्याने तर काहीच झालं नाही, कारण नजर लावणारी सुतळी मुंबईला मास्तरांच्या खिशात होती.

नाचाचं मात्र वाटोळं होत चाललं होतं. गिरकी घेऊन मी थांबायचे, पण शाळा थांबायची नाही. ती तशीच माझ्याभोवती फिरत राहायची. पूर्वी ज्या पायांनी जमीन दणाणायची ते पाय आता पडतात की नाही ते मलाच कळायचं नाही. एका शनिवारी बासरीच्या प्रसंगात मी कृष्णाच्या खांद्यावर मान टाकली आणि ती मला परत उचलताच येईना. फिलूने एका हाताने बासरी धरली आणि दुसऱ्या हाताने मला. मास्तर डोळे मिटून म्हणाले, वा, काय भाव लागलाय.

फिलू दातांतल्या दातांत म्हणाली, "भाव नाय मास्तर, भूक हाय."

मास्तरांना ते ऐकू गेलं नाही. घरी जाताना तिने मला बजावलं की ती माझ्या आईला सगळं सांगणार. मी तिला शपथ घातली. एकच बोट राहिलंय फिलू, मी म्हटलं, एकच. तिने पिशवीतून अर्धा पाव काढून माझ्या हातात कोंबला. मी तो सरदारला नेऊन दिला. आजही मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या अर्ध्या पावाची.

तोवर सरदारला सवय लागली होती. झापडं बांधलेली असली तरी माझी बसायची जागा त्याला बरोबर कळायची. प्रत्येक फेऱ्याला तो माझ्यासमोर थांबायचा, मान वळवायचा आणि तोंड उघडायचा. घास मिळाला तर पुढचा फेरा, नाहीतर नाही. मी शाळेत असताना बाबांनी त्याला कितीही हाका मारल्या तरी तो त्याच ठिकाणी जाऊन उभा राहायचा. पुढे पुढे त्याचं पोट इतकं सुटलं की चालणं त्याला कमीपणाचं वाटायला लागलं. एका सकाळी तो विहिरीशी जो बसला तो उठेचना. पाट कोरडे पडले. ऐन उन्हाचे दिवस, आणि केळीची पानं कडेने करपायला लागली. बाबा दोन दिवस हाताने पाणी शेंदत होते. त्यांच्या तळहातांना फोड आले, तरी मी गप्प होते. एक बोट राहिलं होतं ना.

तिसऱ्या दिवशी बाबांनी वसईहून ढोरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते सायकलवरून आले. डोक्यावर टोपी, पायात बूट, बोलणं कमी. त्यांनी सरदारचं पोट चाचपलं, जीभ ओढून बघितली, डोळे बघितले. मग मला म्हणाले, जरा कासरा धर, मी मागून बघतो. मी कासरा धरला. सरदारने मला ओळखलं, आता घास मिळणार म्हणून आनंदाने मान हलवली. नुसती मान. आणि मी कासऱ्यासकट पाटात आडवी झाले.

शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर माझ्या शेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी सरदारची बघितली तशीच माझी पापणी खाली ओढून बघितली. ओठ दुमडून हिरड्या बघितल्या. नखं दाबून बघितली. माझे दात मात्र मोजले नाहीत, त्यांचे मी आजवर आभार मानते. मग ते उठले, हात धुतले आणि बाबांना म्हणाले, "मी ढोरांचा डॉक्टर आहे, माणसांचं मला कळत नाही. पण एक जनावर अति खाऊन बसलंय आणि एक न खाऊन पडलंय, एवढं मला दिसतं. रेड्याला उपास घाला आणि पोरीला जेवण."

फी घेताना त्यांनी फक्त रेड्याची घेतली.

बाबा माझ्याकडे बघत होते, मग सरदारकडे, मग परत माझ्याकडे. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. आईला लागला नाही. ती माझ्याजवळ पाटाच्या कडेला बसली. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार, आणि खरं सांगते, बसला असता तर बरं वाटलं असतं. पण तिने हळूच विचारलं, "कोनी सांगितलं तुला, जेवू नको म्हनून?"

मी सगळं सांगितलं. सुतळी, चार बोटं, झुळूक, यमुनेच्या लाटा. सांगता सांगता मी रडले. आई रडली नाही. ती फक्त म्हणाली की गेले दोन आठवडे दुधाचा तांब्या मला देता यावा म्हणून तिने स्वतः दूध सोडलं होतं, आणि मासळीतला तिचा तुकडाही माझ्या ताटात टाकत होती. हे तिने तक्रार म्हणून नाही सांगितलं. तिला नुसतं समजून घ्यायचं होतं की तिचं दूध शेवटी कोणाच्या अंगी लागलं. आम्ही दोघींनी सरदारकडे बघितलं. तो रवंथ करत होता.

त्या दिवशी तिने मला पेज पाजली, थोडी थोडी, लहान मुलाला पाजतात तशी. दुसऱ्या दिवशी मऊ भात. तिसऱ्या दिवशी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. मग आला शनिवार.

मला वाटलं होतं आई मला तालमीला पाठवणारच नाही. ती म्हणाली, का नाही? नाच तुझा आहे, मास्तरांचा नाही. ती वाडीतून उठून तशीच माझ्याबरोबर निघाली. काष्टा घातलेलं लुगडं, डोक्यावर टोपली, आणि कमरेला केळी कापायचा कोयता. कोयता काढून ठेवायचा ती विसरली होती. (असं ती पुढे आयुष्यभर सांगत राहिली.)

मास्तरांनी आधी कोयत्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि अतिशय अदबीने नमस्कार केला. आईनेही केला. मग तिने सुतळी बघायला मागितली. मास्तरांनी ती दिली. आईने गाठीपासून गाठीपर्यंत बोटं फिरवली आणि विचारलं, "मास्तर, ही कोनाच्या कमरेची हाय?"

"कोणाच्याच नाही, बाई," मास्तर म्हणाले. "तो एक आदर्श आहे."

"मंग त्या आदर्शाला नाचवा," आई म्हणाली. "माझी पोर कशाला पायजे?"

मास्तर गोरेमोरे झाले. त्यांनी शांतपणे समजावायचा प्रयत्न केला. कलेला शिस्त लागते, देह हे नर्तकाचं वाद्य असतं, वगैरे. आईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं की वाद्याला तेलपाणी लागतं की नाही? तबल्याची शाई काढून घेतली तर तो बारीक होईल, पण वाजेल का? नियम तो नियम, असं म्हणून मास्तरांनी मला हाताने मागच्या ओळीची जागा दाखवली.

आता बोलायची पाळी माझी होती आणि माझ्या पोटात तीन दिवसांचं जेवण होतं. उपाशी असताना माझ्या तोंडून जे कधी निघालं नसतं ते निघालं. मी म्हटलं, "मास्तर, राधा तुम्ही मला माझे पाय बघून दिलीत. पाय तेच आहेत. नाचेन तर पुढे नाचेन आणि याच कमरेने नाचेन. नाहीतर नाचणार नाही." आणि खाली बसले.

मी बसले ती पाय लटपटत होते म्हणूनही असेल. पण फिलूला वाटलं हा सत्याग्रह आहे, आणि कृष्ण माझ्या शेजारी येऊन बसला. सुतळीत बसणारी, दोन बोटं शिल्लक असणारी ती आदर्श फिलू. ती म्हणाली, मी किती खाते हे मास्तरांनी एकदाही विचारलं नाही, म्हणून सांगतेय, सहा पाव. मग गवळणी बसल्या. मग मागून यमुनेच्या लाटा बसल्या. अख्खं गोकुळ मांडी घालून जमिनीवर, आणि मधे एकटे मास्तर उभे.

आईने काय केलं असेल? तिने टोपली उतरवली आणि मास्तरांना विचारलं की सकाळपासून त्यांनी काय खाल्लंय. त्यांनी आधी सांगितलं नाही. मग म्हणाले, चहा. आणि काल? कालही चहाच, संध्याकाळी थोडे चणे. आईने पानावर भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि दोन केळी वाढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. ते नको नको म्हणत खाली बसले. पहिली भाकरी संपली, दुसरीही संपली. तिसऱ्या भाकरीला मात्र त्यांनी मान खाली घालून सांगितलं की ती सुतळी त्यांच्या गुरूंची होती. बाराव्या वर्षी त्यांच्याही कमरेला लावली होती. तेव्हापासून पोटभर जेवलं की त्यांना चोरी केल्यासारखं वाटतं.

कोणी हसलं नाही. आईने त्यांना चौथी भाकरी वाढली.

जाताना तिने टोपलीतली उरलेली केळी त्यांना बांधून दिली. बांधायला काही नव्हतं, म्हणून तिने ती सुतळीच घेतली, दोन फण्या एकत्र करून आवळून गाठ मारली आणि त्यांच्या हातात दिली. मास्तर ती घेऊन टांग्यात बसले. सुतळी मुंबईला गेली ती परत आली नाही.

त्यानंतर तालमीच्या आधी सगळ्याजणी आपापल्या घरून काही ना काही आणायच्या आणि खाऊनच घुंगरू बांधायच्या. फिलूकडचे पाव, कोणाची उकडलेली अंडी, कोणाची रताळी. मास्तर सगळ्यांत शेवटी उठायचे. माझ्या गिरक्या परत आल्या. मी थांबले की शाळाही थांबायला लागली. आणि सरदारला आठवडाभर नुसतं गवत मिळालं. आठव्या दिवशी तो उठून रहाटाला लागला, पण माझ्यासमोरून जाताना मान दुसरीकडे फिरवायचा.

संमेलनाच्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या मैदानात मांडव भरला होता. निम्मं गिरीज आलं होतं. राधेचा घागरा मास्तरांनी मुंबईहून भाड्याने आणलेला होता, जरीचा, जड, आणि आधी कितीजणींनी नेसला होता कोण जाणे. निघायच्या आधी आईने मला पोटभर जेवायला घातलं. मी पुढच्या ओळीत, मधोमध, माझ्या कमरेसकट उभी राहिले आणि जमीन दणाणली. पहिल्या गिरकीला टाळ्या, दुसऱ्या गिरकीला टाळ्या. तिसऱ्या गिरकीच्या मध्यावर घागऱ्याच्या आत काहीतरी कट्कन तुटलं.

नाडी गेली होती.

मी डावा हात झटकन कमरेवर ठेवला आणि घागरा मुठीत धरला. तिथून पुढची अर्धी नाटिका मी उजव्या हाताने नाचले. कृष्णाने हात पुढे केला, मी दिला नाही. गवळणींनी फेरात ओढलं, मी गेले नाही. फिलूला वाटलं मी मास्तरांशी परत भांडतेय, म्हणून तिनेही एक हात कमरेवर ठेवला. तिचं बघून गवळणींनी ठेवला. शेवटी अख्खं गोकुळ कमरेवर हात ठेवून प्रेक्षकांकडे रोखून बघत उभं राहिलं आणि पडदा पडला. मांडव टाळ्यांनी दणाणून गेला.

अध्यक्ष म्हणून आलेले गृहस्थ भाषणाला उभे राहिले ते भारावूनच. म्हणाले, आजवर पुष्कळ राधा पाहिल्या, पण कमरेवर हात ठेवून देवालासुद्धा न झुकणारी ही राधा म्हणजे स्वतंत्र देशाची नवी स्त्री आहे. मग त्यांनी मला बक्षीस घ्यायला बोलावलं. मी एका हाताने घेतलं. नमस्कार केला नाही, करता येत नव्हता. ते आणखी भारावले. मास्तर विंगेतून डोळे पुसत होते.

तेव्हापासून पंचक्रोशीत मी बाणेदार मुलगी म्हणून ओळखली जाऊ लागले. पुढे मला मागणी घालायला आलेली माणसंसुद्धा आधी दबकूनच बोलायची. माझ्या अंगात बाणेदारपणा किती होता ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्या संध्याकाळी मात्र जेवढा होता, तेवढा सगळा डाव्या मुठीत होता.